घुसखोरी रोखायची कोणी? केंद्र, राज्य आणि दोघांच्या मधली फट

प्रश्न असा आहे: बांगलादेशातून होणारी घुसखोरी थांबवणं ही केंद्राची जबाबदारी की राज्याची? सीमेवर बीएसएफ उभं असताना माणूस मुंबई-पुण्यापर्यंत पोचतो कसा, आणि सापडल्यावर त्याला परत पाठवायला इतका वेळ का लागतो?

सीमा राखणं आणि कोणाला देशात येऊ द्यायचं, कोणाला बाहेर काढायचं हे ठरवणं ही जबाबदारी पूर्णपणे केंद्राची आहे. त्यात वादाला जागा नाही. पण तो निर्णय जमिनीवर उतरवणारी माणसं बहुतेक राज्याची असतात: ठाण्यातला फौजदार, तहसीलदार, तुरुंग अधीक्षक. काम बिघडतं ते सहसा एका यंत्रणेने माणूस, कागद किंवा जमीन दुसरीच्या ताब्यात द्यायच्या वेळी. या देण्याघेण्याच्या जागा नीट समजल्या की केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट का दाखवू शकतात, तेही समजतं.

आधी संविधान. सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीत पहिली नोंद देशाच्या संरक्षणाची, सतरावी नागरिकत्व आणि परकीय व्यक्तींची, एकोणिसावी देशात प्रवेश, देशातून घालवणं, पारपत्र आणि व्हिसा यांची. या विषयांवर कायदा फक्त संसद करू शकते. राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. म्हणजे परकीय कोण हे ठरवणारा कायदा दिल्लीचा, आणि त्या कायद्याखाली दार ठोठावणारा शिपाई राज्याचा. हे जोडण्यासाठी अनुच्छेद २५८(१) वापरला गेला. परकीय नागरिक कायदा, १९४६ खालचे शोधून काढण्याचे, अटकावून ठेवण्याचे आणि परत पाठवण्याचे अधिकार केंद्राने १९५८ मध्ये राज्यांना सोपवले. सोपवलेला अधिकार मूळ मालकाचाच राहतो. त्यामुळे ‘आम्ही राज्यांना कळवलं आहे’ एवढं सांगून केंद्राची सुटका होत नाही, आणि ‘हा विषय केंद्राचा’ म्हणून राज्याला शोध थांबवता येत नाही.

अनुच्छेद ३५५ प्रत्येक राज्याचं बाह्य आक्रमणापासून आणि अंतर्गत अशांततेपासून रक्षण करण्याचं कर्तव्य केंद्रावर टाकतो. २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या मोठ्या घुसखोरीला याच अनुच्छेदाच्या कक्षेत आणलं आणि फक्त आसामला लागू असलेला १९८३चा न्यायाधिकरण कायदा रद्द केला. त्या कायद्यात समोरचा माणूस परकीय आहे हे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर आणि शासनावर होतं. उरलेल्या देशात १९४६च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ‘मी परकीय नाही’ हे त्या माणसानेच दाखवायचं होतं. केंद्राने केलेला कायदाच केंद्राचं कर्तव्य पार पाडायच्या आड येत होता, असा त्या निकालाचा गाभा आहे.

आता प्रत्यक्ष सीमा. कारगिलनंतर नेमलेल्या मंत्रिगटाच्या २००१च्या अहवालाने ‘एक सीमा, एक दल’ हे सूत्र मांडलं. त्याप्रमाणे पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या सीमेवर बीएसएफ, चीनच्या सीमेवर आयटीबीपी, नेपाळ-भूतानला एसएसबी, म्यानमारला आसाम रायफल्स. बांगलादेशाची सीमा सगळ्यांत लांब, ४,०९६.७ किलोमीटर, आणि त्यातले २,२१६.७ किलोमीटर एकट्या पश्चिम बंगालमध्ये आहेत.

या सीमेची अडचण नकाशावर कळत नाही. १९७५ मध्ये दोन्ही देशांनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या, म्हणजे साधारण १३७ मीटरच्या पट्ट्यात संरक्षणात्मक स्वरूपाचं बांधकाम करायचं नाही. त्यामुळे आपलं काटेरी कुंपण सीमारेषेवर नसून तिच्या आत उभं आहे. कुंपणाच्या पलीकडेही भारताची जमीन आहे, तिथे आपल्या शेतकऱ्यांची शेतं आहेत आणि काही ठिकाणी वस्तीसुद्धा आहे. कुंपणातली फाटकं ठरलेल्या वेळी उघडतात, शेतकरी ओळखपत्र दाखवून नोंद करून जातो आणि वेळेत परततो. ज्या गावांची घरंच या १५० यार्डांत येतात, तिथे रेषेजवळ एकपदरी कुंपण घालायला शेजारी देशाच्या सीमादलाची, बीजीबीची, हरकत नसावी लागते. हरकत आली की काम थांबतं.

दुसरी अडचण जमिनीची, आणि इथे राज्याचा संबंध थेट येतो. कुंपणाचा पैसा केंद्राचा, पण जमीन हा राज्यसूचीतला विषय. मोजणी, मोबदल्याची किंमत ठरवणं, शेतकऱ्याकडून खरेदी किंवा संपादन आणि शेवटी बीएसएफच्या ताब्यात देणं हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयातून होतं. २०२५च्या सुरुवातीला गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झालं होतं आणि सुमारे ८६४ किलोमीटर उरलं होतं. त्यातल्या सुमारे १७४ किलोमीटरवर नदी, दलदल, घसरणारी जमीन यांमुळे कुंपण शक्यच नाही. बाकीचं अडकलं त्याची कारणं मंत्रालय स्वतःच सांगतं: भूसंपादन, बीजीबीच्या हरकती, कामाचा अपुरा हंगाम. या तीन कारणांपैकी पहिलं राज्याशी निगडित, दुसरं परराष्ट्र धोरणाशी, तिसरं पावसाशी. ‘कुंपण का झालं नाही’ याचं एकच उत्तर देणारा माणूस उरलेली दोन गाळतोय.

जिथे कुंपण शक्यच नाही तिथे बरेचदा नदी आहे. इछामतीच्या काही पट्ट्यांत सीमा पात्राच्या मधोमध जाते. आसाममधल्या धुबरीला ब्रह्मपुत्रा देशाबाहेर पडते तिथे दर पावसाळ्यात वाळूची बेटं जागा बदलतात. त्यावर खांब रोवून कुंपण टिकत नाही. म्हणून २०१९ मध्ये तिथल्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरे, संवेदक आणि रडार यांचं जाळं बसवलं गेलं. पण यंत्र फक्त इशारा देतं. इशाऱ्यानंतर गस्तीची बोट किती मिनिटांत पोचते, यावर सगळं अवलंबून असतं. दोन चौक्यांमधलं अंतर साडेतीन किलोमीटरपर्यंत आणायचं उद्दिष्ट त्यासाठीच आहे. धुक्याच्या रात्री, भरतीच्या वेळी, माणसं पार करून देणाऱ्या दलालाला गस्तीची वेळ माहीत असताना हे अंतर फार मोठं ठरतं.

यापुढची देण्याघेण्याची जागा कमी चर्चिली जाते. बीएसएफ माणूस पकडू शकतं, झडती घेऊ शकतं, जप्ती करू शकतं. बीएसएफ कायदा, १९६८ च्या कलम १३९ खाली हे अधिकार किती आतपर्यंत चालतात ते केंद्र ठरवतं. ऑक्टोबर २०२१च्या अधिसूचनेने पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये ही हद्द १५ किलोमीटरवरून ५० केली आणि गुजरातमध्ये ८० वरून ५० वर आणली. त्यावर मोठा राजकीय वाद झाला, पंजाब सर्वोच्च न्यायालयात गेला. वादात एक गोष्ट झाकली गेली: हद्द कितीही वाढवली तरी गुन्हा नोंदवून तपास करायचं काम बीएसएफचं नाही. पकडलेला माणूस आणि जप्त वस्तू स्थानिक ठाण्यात द्याव्या लागतात. पुढे तपास, आरोपपत्र, साक्षीदार हे सगळं राज्य पोलिसांचं. पकडणारा जवान तोवर दुसऱ्या सीमेवर बदलून गेलेला असतो आणि साक्षीला येत नाही. आणलेल्या माणसाला पार करून देणारा दलाल मात्र ठाण्याच्या हद्दीतच राहतो, आणि त्याच्यापर्यंत तपास क्वचितच जातो. सीमेवर पकडलेल्यांचा आकडा दरवर्षी छापून येतो. किती दलालांना शिक्षा झाली, हा आकडा विचारायला हवा.

आता माणूस आत आला आणि हजारो किलोमीटर दूर कामाला लागला, असं धरू. इथून पुढे सीमादलाचा संबंध संपतो आणि कागदांचा सुरू होतो. माझ्या मते घुसखोरीची खरी दुसरी सीमा ही आहे, आणि ती पूर्णपणे राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या हातात आहे.

आधी एक गैरसमज. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलं आहे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या रहिवाशाला आधार मिळू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असं स्पष्ट केलं. नागरिकत्व कायदा, १९५५ प्रमाणे जन्माची तारीख निर्णायक असते. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मलेला, काही मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक. त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचा आई किंवा बाप नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणून सगळ्यांत मोलाचा आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त बनवला जाणारा कागद म्हणजे जन्मदाखला.

जन्माची नोंद वर्ष उलटल्यावर करायची असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. महाराष्ट्रात हे अर्ज तहसील कार्यालयात येऊ लागले. मालेगाव आणि इतर ठिकाणच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि उशिराच्या नोंदींसाठी कडक कार्यपद्धती आली. खऱ्या गरजूंनाही, विशेषतः घरी जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांना, त्याचा त्रास झाला. अर्ज तपासताना रुग्णालयाची नोंद, शाळेचं सामान्य रजिस्टर, लसीकरणाची नोंद, आईबापांचे जुने कागद आणि गावातली प्रत्यक्ष चौकशी यांपैकी किमान दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या पाहिजेत. एका दाखल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशी माळ असेल तर तो एकच पुरावा आहे. प्रतिज्ञापत्र हा तर पुरावाच नव्हे. ते अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं असतं.

नोंदींची बाकी साधनंही आहेत. परकीय पाहुण्याची माहिती हॉटेलने चोवीस तासांत कळवायची असते. परराज्यातल्या मजुरांची नोंद ठेकेदाराने ठेवणं १९७९च्या कायद्याने बंधनकारक केलं होतं. बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर ही रजिस्टरं तपासली जात नाहीत, कारण कामगार खात्याकडे निरीक्षक कमी, आणि पोलीस ते आपलं काम समजत नाहीत. स्वस्त मजूर ठेवणारा मालक सुटतो आणि मजूर तेवढा पकडला जातो, ही या कारवाईतली सगळ्यांत मोठी उणीव आहे.

शिवाय सगळेच कुंपणातून येत नाहीत. विमानतळावरून रीतसर व्हिसा घेऊन आलेले आणि मुदत संपल्यावर राहिलेले यांची जबाबदारी थेट केंद्राच्या इमिग्रेशन ब्युरोची. मोठ्या शहरांत त्याचं विभागीय नोंदणी कार्यालय असतं. बाकी जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकच परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतात.

परत पाठवणीकडे येताना शब्द नीट वापरूया, कारण शब्द चुकला की अपेक्षा चुकते. वर्तमानपत्रं सर्रास ‘प्रत्यार्पण’ लिहितात. प्रत्यार्पण म्हणजे गुन्हेगाराला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करणं. त्याचा कायदा १९६२चा आणि वेगळा आहे. ‘तडीपारी’ म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जिल्ह्याबाहेर घालवणं. परकीयाला देशाबाहेर पाठवणं ही हद्दपारी. आणि सीमेवरच पकडून लगेच मागे लोटणं याला सीमेवरची माणसं ‘पुशबॅक’ म्हणतात.

परकीयाला घालवण्याचा सरकारचा अधिकार किती मोठा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५च्या हान्स म्युलर खटल्यातच सांगितलं: तो जवळजवळ अमर्याद आहे. पण तो परकीयावर चालतो, नागरिकावर नाही. म्हणून आधी माणूस कोण हे ठरवावं लागतं. जिवाचा आणि स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ ‘व्यक्ती’ला लागू आहे, त्यामुळे कायद्याने ठरवलेली पद्धत टाळता येत नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६चा कायदा आणि त्यासोबतचे आणखी तीन जुने कायदे जाऊन इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. वैध पारपत्र-व्हिसाशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पारपत्र-व्हिसा वापरला तर किमान दोन ते कमाल सात वर्षं कैद, आणि एक ते दहा लाख दंड. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः परकीय नसल्याचं सिद्ध करायचं ओझं नव्या कायद्यातही त्या माणसावरच आहे. तरी त्याचा अर्थ मर्जीने कोणालाही उभं करता येतं असा नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलम ९ बद्दल सांगितलं की आधी संशयाला काही ठोस आधार यंत्रणेने दाखवायला हवा, मगच ओझं समोरच्यावर जातं.

कायद्यातली शिक्षा वाढली म्हणजे परतपाठवणी वेगाने होईल, असं मात्र नाही. बऱ्याचदा उलट होतं. गुन्हा नोंदला की माणूस आरोपी होतो आणि खटला संपेपर्यंत देशातच राहतो, तुरुंगात किंवा जामिनावर. शिक्षा झाली तर ती भोगून मग परतपाठवणीची फाइल उघडते. जिथे टोळी, बनावट कागद किंवा दुसरा गंभीर गुन्हा आहे तिथे खटला चालवलाच पाहिजे. पोटासाठी आलेला आणि स्वतः परकीय असल्याचं मान्य करणारा माणूस असेल, तर नोंदणी अधिकाऱ्यामार्फत थेट हद्दपारी जास्त लवकर आणि कमी खर्चात होते.

फाइल अडते ती राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीवर. पोलीस बोटांचे ठसे, छायाचित्र, आईबापांची नावं आणि पत्ता घेतात: गाव, युनियन (बांगलादेशातला काही गावांचा गट), उपजिल्हा, जिल्हा. ही माहिती गृह आणि परराष्ट्र मंत्रालयातून त्या देशाच्या उच्चायुक्तालयाकडे जाते, आणि तो देश ‘हा आमचा’ म्हणेपर्यंत प्रवासाचा कागद निघत नाही. ‘जिल्हा जशोर’ एवढंच लिहिलेली फाइल महिनोन्‌महिने पडून राहते. गाव, शाळा, सरपंचासारख्या स्थानिक पदाधिकाऱ्याचं नाव आणि तिकडच्या नातेवाइकाचा फोन दिलेली फाइल पुढे सरकते. चौकशीला बांगला नीट समजणारा दुभाषा हवा, हे राज्य पोलिसांना स्वतःच्या पातळीवर लगेच करता येण्याजोगं काम आहे. दुसरा देश घेत नसेल तर मात्र राज्य काहीच करू शकत नाही. तिथे दिल्लीच्या परराष्ट्र संबंधांची ताकद लागते. रोहिंग्यांच्या बाबतीत तर म्यानमारची मान्यता मिळणं त्याहून कठीण.

या दिरंगाईला कंटाळून पडताळणी टाळली की काय होतं ते २०२५ मध्ये दिसलं. महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे लोटले गेले, आणि ते भारतीय असल्याची कागदपत्रं त्यांच्या राज्याने पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. मालदा-मुर्शिदाबादची बोली आणि पलीकडच्या राजशाहीची बोली सारखी वाटते; कानावरून राष्ट्रीयत्व ठरत नाही. माणूस सांगतो त्या गावच्या ठाण्याला लेखी विचारणा, आणि तिथल्या जमिनीची, शाळेची किंवा जुन्या मतदार यादीची नोंद, एवढी पडताळणी काही दिवसांत होऊ शकते. ती न करता आपल्याच नागरिकाला देशाबाहेर टाकणं हा घुसखोरीइतकाच मोठा अपराध आहे, कारण नागरिकाचं रक्षण करण्यासाठीच सीमा राखायची असते.

महाराष्ट्राला जमिनीवरची आंतरराष्ट्रीय सीमा नाही, समुद्राची आहे. १९९३ मध्ये आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरलं, २००८ मध्ये दहशतवादी मच्छीमार बोट बळकावून आले. त्यानंतर वाटणी अशी ठरली: किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राज्याचे सागरी पोलीस, पुढे प्रादेशिक समुद्रात तटरक्षक दल आणि एकूण सूत्रं नौदलाकडे. इथेही बोटी केंद्राच्या योजनेतून मिळतात आणि चालवणारे खलाशी, इंधन आणि दुरुस्ती राज्याने पाहायची असते. धक्क्याला बांधून ठेवलेली गस्ती बोट ही त्या वाटणीतली नेहमीची अडचण.

नेपाळच्या सीमेवर उघडी ये-जा चालते, मग इथेच एवढी अडचण का, असं कोणी विचारेल; पण ते उदाहरण इथे लागू पडत नाही. १९५०च्या करारामुळे तिथे दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा आहे आणि एसएसबीचं लक्ष तिसऱ्या देशांच्या माणसांवर असतं.

शेवटी, कोणाला काय विचारायचं. बीएसएफ आणि इतर सीमादलं माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्क सोडून त्यांच्याकडून माहिती मिळत नाही. गृह मंत्रालयाचा सीमा व्यवस्थापन विभाग मात्र त्या यादीत नाही. कुंपणाचे किलोमीटर, मंजूर निधी, झालेला खर्च आणि कोणत्या जिल्ह्यात किती जमीन ताब्यात यायची आहे हे त्याला विचारा. तेच जमिनीचे आकडे संबंधित जिल्हाधिकाऱ्यांकडून मागवा आणि शेजारी ठेवून पाहा. आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना गेल्या तीन वर्षांत नोंदलेले गुन्हे, पडताळणीला पाठवलेली प्रकरणं, उत्तर आलेली प्रकरणं, प्रत्यक्ष हद्दपार झालेली माणसं आणि आरोपी केलेले दलाल व मालक हे पाच आकडे वेगवेगळे मागा. ज्या दोन आकड्यांमध्ये सगळ्यांत मोठी घट दिसेल, तिथे त्या जिल्ह्यातली फट आहे.